दुबईच्या विमान कंपनीत नोकरी: पगाराच्या आकड्यामागे काय काय असतं

दुबईच्या विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून निवड झाली की घरात पहिला प्रश्न येतो पगाराचा आणि दुसरा राहण्याचा. दोन्हींची उत्तरं पटकन मिळतात. पगारावर कर नाही, राहायला कंपनीचं घर. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: तिथे आपण नेमके कुणाच्या भरवशावर राहणार? गोम इथेच आहे.

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीसाठी जाणाऱ्या परदेशी माणसाचं राहणं त्याच्या नोकरीला बांधलेलं असतं. कंपनी तुमची स्पॉन्सर. तिच्या नावावर तुमचा रेसिडेन्स व्हिसा निघतो, त्या व्हिसावर एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र मिळतं आणि त्या आयडीवर बँकेचं खातं, मोबाइलचं सिम, ड्रायव्हिंग लायसन्स. घर कंपनीचं, आरोग्य विमा कंपनीचा, विमानतळावर ने-आण करणारी बसही कंपनीची. ठाण्यात किंवा नाशकात नोकरी सुटली तर माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याच घरात चहा पिऊन विचार करतो, पुढे काय. तिथे नोकरीबरोबर विचार करायची जागाही जाते. ही नोकरी वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. विशीतल्या मुलामुलींसाठी इतकी चांगली संधी फार कमी ठिकाणी आहे. फक्त कोणती गोष्ट आपली आणि कोणती कंपनीची, हे जायच्या आधी कळलेलं बरं.

परदेशी माणसं लागतातच का, तेही समजून घेऊ. एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीचं पहिलं विमान 25 ऑक्टोबर 1985 रोजी कराचीला उडालं. सुरुवातीची विमानं पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून भाड्याने घेतलेली होती आणि अगदी पहिल्या ठिकाणांमध्ये मुंबई होती. आज त्या कंपनीत वीस हजारांहून जास्त केबिन क्रू आहे आणि त्यात जगभरातल्या शंभराहून अधिक देशांची माणसं आहेत. अमिरातीच्या लोकसंख्येत दहातली साधारण नऊ माणसं परदेशी. तिथले नागरिक एवढे कमी आहेत की एवढी मोठी कंपनी केवळ त्यांच्या जोरावर चालणं शक्यच नाही. म्हणून परदेशी माणूस आणायचा, त्याला घर द्यायचं, काम संपलं की परत पाठवायचं, अशी ही सगळी व्यवस्था आहे. अमेरिकेत उलट आहे. तिथल्या कंपन्या केबिन क्रूसाठी कुणाला व्हिसा काढून देत बसत नाहीत. त्या देशात काम करण्याचा हक्क तुमच्याकडे आधीच असावा लागतो. आपल्याकडची मुलं आखाताकडे वळतात त्यामागे हे साधं कारण आहे.

निवड आणि त्याभोवतीचा बाजार

अटी कंपनीच्या संकेतस्थळावर उघड लिहिलेल्या असतात. एमिरेट्ससाठी वय किमान 21, उंची किमान 160 सेंटीमीटर, बारावीपर्यंत शिक्षण, चांगलं इंग्रजी, हॉटेल किंवा ग्राहकसेवेचा साधारण वर्षभराचा अनुभव, आणि गणवेशात दिसेल असा टॅटू नको. आणखी एक अट असते: टाचा उचलून हात 212 सेंटीमीटरपर्यंत पोचला पाहिजे. पुष्कळांना ही अट दिसण्याशी संबंधित वाटते. तसं नाही. ऑक्सिजनची बाटली, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी ही आणीबाणीची साधनं बऱ्याचदा डोक्यावरच्या कप्प्यांत असतात आणि धुराने भरलेल्या केबिनमध्ये स्टूल शोधायला वेळ नसतो.

या यादीत एअर होस्टेस अकादमीचा डिप्लोमा कुठेही नाही. तरी आपल्याकडे जिल्ह्याच्या गावापासून मुंबईपर्यंत अशा अकादम्या लाखा-दोन लाखांची फी घेतात. तिथे बोलण्या-चालण्याचा आत्मविश्वास मिळत असेल, पण विमानात काम करायला लागणारं सुरक्षेचं प्रशिक्षण कंपनी स्वतः देते, स्वतःच्या खर्चाने देते, आणि दुसरीकडून शिकून आलात तरी पुन्हा पहिल्यापासून देते. वर्षभर एखाद्या बऱ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलेली मुलगी माझ्या मते त्या डिप्लोमावालीपेक्षा पुढे असते. शिवाय तिला त्या वर्षाचा पगारही मिळालेला असतो.

फसवणूक याच टप्प्यावर होते. निवडीसाठी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ना फॉर्मचे, ना व्हिसाचे, ना वैद्यकीय तपासणीच्या 'डिपॉझिट'चे. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानेच भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई केली आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो, आणि त्याला सेवाशुल्क घ्यायचंच असेल तर त्याची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे. तो नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत बघता येतं. जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं ऑफर लेटर, 'आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून घेऊ' असा निरोप, ही दोन लक्षणं दिसली की तिथेच थांबायचं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, आणि पकडलं गेल्यावर एजंट फोन उचलत नाही.

कागदपत्रं

आपल्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे ईसीआर असा उल्लेख आहे का ते आधी बघा. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसकट अठरा देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. केबिन क्रू बारावी झालेलीच असते, त्यामुळे प्रश्न यायला नको. पण पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं नव्हतं म्हणून तो उल्लेख राहून जातो आणि ऐनवेळी विमानतळावर अडचण होते.

तिथे उतरल्यावर वैद्यकीय तपासणी होते: रक्त आणि छातीचा एक्स-रे. एचआयव्ही आणि क्षयरोग हे दोन मुख्य मुद्दे. लहानपणी क्षयरोग होऊन बरा झालेला असेल तर फुफ्फुसावरचा जुना व्रण एक्स-रेत दिसू शकतो. आपल्याकडे ही गोष्ट घरच्यांनी कित्येकदा मुलांनाही सांगितलेली नसते. निघण्याआधी इथेच एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरांना दाखवावा. राजीनामा देऊन, घर आवरून तिथे पोचल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

वैमानिकांसाठी आणखी एक पायरी असते, तीही थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या 1944 च्या शिकागो कराराच्या 32 व्या कलमानुसार, ज्या देशात विमानाची नोंदणी झाली आहे त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे असावा लागतो. भारतीय विमानाच्या अंगावर व्हीटी ही अक्षरं असतात, अमिरातीच्या विमानावर ए6. त्यामुळे डीजीसीएचा, म्हणजे भारतातल्या विमान वाहतूक नियामकाचा परवाना असला तरी तिथल्या जनरल सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीची मान्यता घ्यावी लागते. इथून सुटणंही सोपं नाही. 2017 च्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. एवढी थांबायची तयारी नव्या कंपनीची आहे का, हे ऑफर स्वीकारतानाच विचारलेलं बरं.

पगार आणि त्याची फोड

एमिरेट्सने आपल्या करिअरच्या पानावर काही काळापूर्वी दिलेले आकडे उदाहरणादाखल घेऊ. मूळ पगार महिना 4,430 दिरहम (अमिरातीचं चलन). उड्डाणाच्या प्रत्येक तासाला 63.75 दिरहम. महिन्याला साधारण 90 तास धरले तर दोन्ही मिळून 10,170 च्या आसपास जातात. परगावी मुक्काम पडला तर जेवणखर्चाचा भत्ता वेगळा. दिरहमचा दर अमेरिकन डॉलरशी 3.6725 असा पक्का बांधलेला आहे, म्हणून रुपया घसरला की तुमचा पगार रुपयांत आपोआप वाढतो. घरच्यांना वाटतं बढती मिळाली.

पण या 10,170 मधले निम्म्याहून जास्त पैसे उडालात तरच मिळतात. आजारी पडलात, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) हलका आला, वार्षिक रजेवर गेलात किंवा स्टँडबायवर बसून बोलावणं आलंच नाही, तर तासांचे पैसे घटतात. आणि तासांची मोजणी विमान पार्किंगमधून हललं की सुरू होते, तुम्ही गणवेश चढवून खोलीबाहेर पडता तेव्हा नाही. ब्रीफिंग, विमानतळावरची वाट, प्रवासी चढवणं, उतरवणं हे सगळं त्या हिशोबाबाहेर. म्हणून गावाकडे घराचा हप्ता ठरवताना तो मूळ पगारावर बेतावा. पूर्ण आकड्यावर हप्ता घेतलेल्यांची एखाद्या मंद महिन्यात काय तारांबळ उडते, ते मी जवळून पाहिलं आहे.

हाच फरक शेवटी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीत आणखी टोचतो. तिथल्या कामगार कायद्यात परदेशी कामगाराला एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षाला 30 दिवसांचा. 'मूळ' हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. सात वर्षं झाली तर 105 अधिक 60, म्हणजे 165 दिवस. मूळ पगार 4,430 धरला तर ही रक्कम 24,365 दिरहम होते. एकूण 10,170 धरून स्वप्नं पाहिली असतील तर 55,935 ची अपेक्षा असते. अर्ध्याहूनही कमी हातात येतं. सरकारी मालकीच्या काही कंपन्यांत ग्रॅच्युइटीऐवजी किंवा जोडीला स्वतःची भविष्यनिधी योजना असते; तुमच्या करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा, आणि 'नंतर एचआर समजावेल' यावर सोडू नका.

पेन्शन मात्र नाही. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, आखाती देशांशी नाही. इथला ईपीएफ थांबतो, आणि एनआरआय झाल्यावर नवीन पीपीएफ खातं उघडता येत नाही. म्हातारपणाची तरतूद तुमची तुम्ही करायची. बावीस वर्षांच्या मुलीला हे सांगितलं की ती हसते.

आकाशात एक, जमिनीवर दुसरी

क्रूच्या मुलांना सगळ्यात गमतीचा वाटणारा भाग व्हिसाचा. भारतीय पासपोर्टवर पॅरिसला फिरायला जायचं तर शेंगेन (बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) व्हिसासाठी बँकेची पानं, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि अपॉइंटमेंटची वाट. पण तीच मुलगी पॅरिसच्या फ्लाइटवर ड्युटीला असेल तर क्रूचं प्रमाणपत्र आणि जनरल डिक्लरेशन, म्हणजे विमानावरच्या क्रूची नावं असलेला कागद, एवढ्यावर आत जाते. सगळे त्याला 'जीडी' म्हणतात. शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टातली ही सोय बऱ्याच देशांनी मान्य केली आहे. ती फक्त मुक्कामापुरती आणि शेंगेनमध्ये तर त्या विमानतळाच्या गावापुरती असते. ट्रेन पकडून दुसऱ्या शहरात मैत्रिणीला भेटायला गेलात तर तुम्ही बिनव्हिसाचे प्रवासी ठरता. अमेरिका ही सवलत देत नाही. तिथे सी-1/डी नावाचा क्रू व्हिसा आधीच लागतो आणि कंपनी तो काढून देते.

मुंबईची फ्लाइट मिळाली की नव्या मुलींना आनंद होतो. दुबई-मुंबई अंतर तीनेक तासांचं, त्यामुळे ती बहुतेकदा टर्नअराउंड असते: जायचं, प्रवासी उतरवायचे, सफाईवाले येऊन जातात, नवे प्रवासी चढतात, परत निघायचं. क्रू विमानातून उतरत नाही. दार उघडल्यावर पावसाळ्यातली ती ओळखीची दमट हवा एरोब्रिजवरून आत येते, सफाईवाल्या मावशींशी दोन शब्द मराठीत होतात, 'कुठल्या गं तू?' 'डोंबिवलीची.' आणि आई तिकडे घरात झोपलेली असते. तासाभरात दार बंद.

घरी जायचं ते रजेत, स्टाफ तिकिटावर. ही सवलत मोठी असते, भाड्याच्या दहा टक्क्यांत तिकीट मिळतं, पण ते स्टँडबाय असतं. जागा उरली तर बसायचं. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची विमानं भरभरून जातात, म्हणजे जेव्हा घरी जावंसं वाटतं नेमकं तेव्हाच हे तिकीट कुचकामी. भावाच्या लग्नाला जायचं असेल तर सरळ पूर्ण पैशांचं तिकीट काढावं.

येताना आई फराळाचा डबा देते. त्यातल्या अनारशांवर खसखस असते. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाचं बी. हा प्रकार तिथल्या कस्टम्सला समजावून सांगण्यात काही अर्थ नाही. करंजीच्या सारणात खसखस घातली आहे का, हेही विचारा. औषधांचंही तसंच: कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी आपल्या डॉक्टरांनी सहज लिहून दिलेली असते, तिथे ती नियंत्रित यादीत आहे आणि आधी परवानगी न घेता नेली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

तक्रार असेल तर जायचं कुठे, हाही प्रश्न आहे. अमिरातीत कामगार संघटना नाहीत. शेजारच्या कतारची गोष्ट बोलकी आहे: कतार एअरवेजच्या करारातल्या गरोदरपणाबद्दलच्या अटींवर तक्रार झाली, 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कंपनीच्या विरुद्ध निष्कर्ष दिला, आणि मग अटी सैल झाल्या. म्हणजे बदल होतात, पण आतून आवाज उठवून नव्हे. पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा हक्क मात्र तुमचा आहे. मालकाने तो अडकवून ठेवायला कायद्याने बंदी आहे.

182 दिवसांचा हिशोब

तिकडे कर नाही म्हणजे इकडेही नाही, असं सगळे धरून चालतात. भारताचा प्राप्तिकर कायदा तुम्ही त्या आर्थिक वर्षात किती दिवस भारतात होता ते बघतो. नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या नागरिकासाठी सीमा 182 दिवसांची आहे. 1 एप्रिलपासून मोजलं तर 29 सप्टेंबरला 182 दिवस भरतात. म्हणजे जॉइनिंग नोव्हेंबरात असेल तर त्या वर्षापुरते तुम्ही भारताचे रहिवासीच राहता आणि दुबईचा चार-पाच महिन्यांचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. 29 सप्टेंबरच्या आधी निघालात तर चित्र वेगळं. जॉइनिंगची तारीख आपल्या हातात नसते हे खरं, पण सीएला विचारायचं ते मार्चमध्ये नाही, निघतानाच. मुंबई-दिल्लीचे लेओव्हरही (ड्युटीवरचे मुक्काम) भारतातले दिवस म्हणून धरले जाऊ शकतात. जुने रोस्टर जपून ठेवा.

एनआरआय झाल्यावर इथलं नेहमीचं बचत खातं तसंच वापरता येत नाही, ते एनआरओ (एनआरआयचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. तिथला पगार पाठवायला एनआरई खातं. त्याच्या व्याजावर इथे कर नाही आणि पैसे परत बाहेरही नेता येतात. बाबांच्या खात्यावर पाठवून 'तुम्हीच बघा' म्हणणारी मुलं पुष्कळ आहेत. प्रेम म्हणून ठीक आहे, पण हिशोब कुणालाच लागत नाही.

नोकरी सुटते तेव्हा

कोरोनामुळे 25 मार्च 2020 ला एमिरेट्सची प्रवासी विमानं थांबली आणि पुढच्या काही महिन्यांत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वेळी भारतात येणारी व्यावसायिक विमानंही बंद होती. परदेशात अडकलेल्यांना आणणारी पहिली सरकारी 'वंदे भारत' उड्डाणं निघाली ती 7 मे रोजी. नोकरी नाही आणि परतायला विमान नाही, अशी अवस्था तेव्हा विमानातच काम करणाऱ्यांची झाली. तेवढा वाईट काळ पुन्हा येईलच असं नाही. तरी सहा महिन्यांचा खर्च भारतातल्या खात्यात, तिथल्या खात्यात नव्हे, असा नियम करावा. कारण तिथे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर नोकरी सुटल्याचं कळताच बँक खातं गोठवू शकते, आणि नेमकी त्याच खात्यात ग्रॅच्युइटी येते. थकबाकीचं प्रकरण कोर्टात गेलं तर देश सोडायलाही बंदी येऊ शकते.

2023 पासून तिथे बेरोजगारी विमा सक्तीचा झाला आहे. मूळ पगार 16,000 दिरहमपर्यंत असेल तर महिना 5 दिरहम भरायचे, किमान बारा महिने भरले असले आणि नोकरी तुमच्या चुकीशिवाय गेली तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. तुमची कंपनी या योजनेखाली येते का, हे एचआरला एका मेलवर विचारून घ्या.

शेवटच्या दिवसांत क्रम महत्त्वाचा. व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहायला काही आठवड्यांची मुदत मिळते, ती व्हिसाच्या प्रकारावर ठरते. कंपनीचं घर बहुतेकदा त्याआधीच रिकामं करायचं असतं. बँकेचं कर्ज मिटल्याचं पत्र, अनुभवाचं प्रमाणपत्र, प्रशिक्षणाच्या नोंदी हे सगळं आयडी चालू आहे तोवर गोळा करा, कारण नंतर ऑफिसात प्रवेशही मिळत नाही. आणि व्हिसा रद्द करण्याच्या अर्जावर सही मागतील तेव्हा तो पूर्ण वाचा. 'माझी सर्व देणी मला मिळाली' असं वाक्य त्यात असतं. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्याखाली सही करू नका.